बातमी आधी फुटली

चंडीगडला अजूनही कुणी घरी येऊन ‘मुलीनं मेडिकल घेतलं’ म्हणून पेढा पुढे केला, की तो तोंडात टाकण्याआधी मी विचारते, ‘कितवीत आहे?’ पाहुणे ओशाळतात. नवरा मला डोळ्यांनी दटावतो. पण मी तरी काय करू? या एका शब्दापायी जिनं माझी कॉलेजची तीन वर्षं नासवली ती रत्नप्रभा भोइटे माझ्या आयुष्यात आली नसती, तर मीही मुकाट्यानं पेढा खाल्ला असता.

ज्यांनी इकडे दिवस काढलेले नाहीत त्यांच्यासाठी आधी सांगून टाकते. पंजाब-चंडीगडकडे दहावीनंतर सायन्स घेतलं की त्याचे दोन भाग पडतात. जीवशास्त्र घेतलं तर ‘मेडिकल’ आणि गणित घेतलं तर ‘नॉन-मेडिकल’. बी.एस्सी.लाही हीच नावं. म्हणजे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र घेऊन साधी पदवी करणारी, झुरळ आणि बेडूक सोडून कुणावर सुरी न चालवलेली मुलगी इथे बिनदिक्कत ‘मी मेडिकलला आहे’ असं सांगते. आणि ते खरंच असतं. आपल्याकडे महाराष्ट्रात ‘मेडिकलला आहे’ याचा अर्थ काय होतो, ते मी सांगायला नको.

रत्ना आमच्या घरी आली तेव्हा केबलवाला दर महिन्याला एखादा नवा चॅनेल देऊन जायचा आणि प्रत्येक मार्केटात एसटीडीचा बूथ उभा राहत होता. तिचे वडील आप्पा फौजेत हवालदार होते. मागे कधीतरी त्यांची बदली इथल्या चंडीमंदिरच्या छावणीत होती, तेव्हा मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची माझ्या बाबांशी ओळख झाली. बाबा विद्यापीठात भूगोल शिकवायचे. मांडवातल्या सगळ्या पाट्या त्या वर्षी आप्पांनी रंगवल्या होत्या. पलटणीतल्या पेट्यांवर नावं आणि नंबर घालून घालून त्यांचा हात असा बसला होता की अक्षरं छापल्यासारखी यायची. याच काळात त्यांनी इथलं मोठं हॉस्पिटल पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं की पोरीला डॉक्टर करायचं, आणि करायचं तर इथंच.

पुढे ते निवृत्त होऊन फलटणजवळच्या आपल्या वाडीवर गेले. रत्नाला बारावीला मार्क बेताचेच पडले आणि तिकडे कुठे मेडिकल कॉलेजात नंबर लागेना. तेव्हा त्यांनी बाबांना गळ घातली. बाबांना ‘नाही’ म्हणता यायचं नाही, हे आमच्या घरचं जुनं दुखणं. बेत असा ठरला की रत्नानं आमच्याकडे राहून बी.एस्सी. करायची, सेक्टर चौतीसच्या क्लासला जायचं, आणि दर मे महिन्यात डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला बसायचं. माझा स्वतःचा बेतही नेमका हाच होता. ‘बरं झालं, तुला सोबत झाली,’ असं आई म्हणाली. आईचे अंदाज असेच असायचे.

ती आली एका काळ्या पत्र्याच्या पेटीसकट. पेटीवर पांढऱ्या रंगात आप्पांचं नाव, नंबर आणि पलटण. बुटकी, चांगली भरलेली, कमरेपर्यंत वेणी, ओढणी पोलिसाच्या पट्ट्यासारखी आडवी घट्ट बांधलेली, आणि आवाज असा की आमच्या सेक्टर पंधरामध्ये बोलली तर सोळाच्या गुलाबबागेत ऐकू जावं. आल्या आल्या तिनं माझ्या पलंगाखाली पेटी ढकलली, माझी चप्पल घातली आणि विचारलं, ‘हितं शेंगा कुठं मिळत्यात?’

ॲडमिशन झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघी मार्केटातल्या बूथवर गेलो. वाडीत फोन एकच, तोही बबनशेठच्या किराणा दुकानात. फोन लागला की बबनशेठ कुणाला तरी आप्पांच्या घरी पिटाळायचा, आणि आप्पा येईपर्यंत दुकानातल्या सगळ्यांना कुणाचा फोन आहे ते कळलेलं असायचं. बूथमधला पंखा कायम बंद, त्यामुळे रत्ना काचेचं दार सताड उघडं ठेवून बोलायची. ती काय बोलते ते मार्केटातल्या भाजीवाल्यालाही पाठ झालेलं असायचं. मराठी येत नव्हतं, म्हणून तो बिचारा वाचला.

‘आप्पा,’ ती ओरडली, ‘मेडिकलला ॲडमिशन झाली.’

वाक्य खरंच होतं. पुढे ती ‘बी.एस्सी. मेडिकलला’ म्हणणार होती, असं तिनं मला नंतर शपथेवर सांगितलं. पण तेवढ्यात तिकडे दुकानात गलका झाला, कुणीतरी गूळ वाटायला काढला, आणि आप्पांना बोलताच येईना. फौजेतला माणूस, पोरीनं त्याला कधी रडताना पाहिलेलं नाही, आणि आता फोनवर नुसता श्वास ऐकू येतोय. रत्नानं फोन ठेवला आणि बाहेर येऊन झाला प्रकार मला सांगितला. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता परत फोन लाव आणि नीट सांग. तर तिनं वेणी पुढे घेतली, तिच्या टोकाशी चाळा केला आणि म्हणाली, ‘आगं, मे महिन्यात परीक्षा हाय. पास झाले की हुईलच की खरं. खोटं कुठंय यात? बातमी जरा आधी फुटलीय, एवढंच.’



रत्ना खोटं बोलत नसे, हे आधी मान्य करायला हवं. ती फक्त खरं वाक्य सोयीच्या जागी थांबवायची. बाकी तिच्या वागण्यात लपवाछपवी नावाला नव्हती. मला न विचारता माझी सायकल न्यायची, माझा स्वेटर घालून थंडीभर हिंडायची, आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर हृदयाचे चार कप्पे काढून त्यांत ‘माजघर’, ‘ओसरी’ असली नावं घालून ठेवायची. पहाटे उठून येरझारा घालत मोठ्यांदा पाठांतर. मी डोक्यावर रजई ओढली की तीच रजई उचलून विचारणार, ‘नववी नस कुठली?’

मेंदूतून निघणाऱ्या बारा नसा तिला मुखोद्गत होत्या, पण पुस्तकातल्या क्रमानं नव्हेत. प्रत्येक नसेला तिनं वाडीतला एकेक माणूस लावून दिला होता. वास घेणारी पहिली म्हणजे तिची चुलती, जिला कुणाच्या घरी काय शिजतंय ते रस्त्यावरूनच कळायचं. दहावी, जी मानेतून उतरून छातीत आणि पोटात सगळीकडे हिंडते, ती म्हणजे नामा, कारण नामा घरी म्हणून कधी सापडायचा नाही. ऐकायला मोठी मजा वाटायची. पण परीक्षेत ‘दहावी’ म्हटल्यावर मलाही आधी नामाच आठवायला लागला, तेव्हा मी हात टेकले.

क्लासच्या सराव परीक्षेत तर तिच्याकडे बघवत नसे. एका प्रश्नाला चार पर्याय असायचे आणि एकावर खूण करून पुढे जायचं, एवढं साधं काम. रत्नाला ते जमायचं नाही. एकदा सापाच्या विषाचा प्रश्न होता. चारांपैकी कुठल्या सापाचं विष मज्जातंतूंवर परिणाम करतं? मी दहा सेकंदांत नागावर खूण केली आणि पुढे गेले. रत्ना पेन्सिल चावत बसून राहिली. का, तर वाडीत एकाला नाग चावला होता आणि त्याच्या हाताला सूज येऊन रक्तही आलं होतं, मग ते कशात बसवायचं? पेपर संपला तरी ती सापापाशीच. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘पर्याय काढणारा मानूस कधी रानात गेलेला न्हाई.’ मी म्हटलं, त्याला रानात जायची गरज नाही, त्याला मार्क द्यायचेत. तिला ते पटलं नाही. आणि फिजिक्सबद्दल तिचं मत असं होतं की पेशंट टेबलावर पडलेला असताना त्याचा वेग कोण विचारतंय.

पहिल्या मे महिन्यात आम्ही दोघीही आपटलो. वाडीत मात्र रत्ना दुसऱ्या वर्षाला गेली. बबनशेठ फोन उचलल्या उचलल्या म्हणायला लागला, ‘बोला, डॉक्टरीणबाई.’

आणि मग पेशंट यायला लागले. झेलम एक्स्प्रेसनं अंबाल्यापर्यंत, तिथून बसनं सेक्टर सतराच्या स्टँडवर, हातात कुरडयांची पिशवी आणि पोटात, गुडघ्यात नाहीतर छातीत काहीतरी. आमच्या रत्नाच्या हॉस्पिटलात दाखवायचं म्हणून. रत्ना त्यांना कधी परत पाठवायची नाही. ‘दाखवायलाच आलेत ना, दाखवते की मी,’ म्हणायची. दाखवायची म्हणजे काय, तर पहाटे माझी सायकल घेऊन जाऊन रांगेत उभी राहायची, कार्ड काढायची, आणि या खिडकीतून त्या खिडकीत माणसं फिरवायची. आई बिचारी पोळ्या लाटून लाटून थकली. एकदा चिडून म्हणाली, आता या मुलीला समोर बसवून खडसावते. बसवलंही. दहा मिनिटांनी मी आत जाऊन बघते तर आई बाही वर करून बसलेली आणि रत्ना तिची नाडी मोजतेय.

सगळ्यांत लक्षात राहिली ती चुलती, पहिल्या नसेची. तिचं पोट दुखायचं. त्या दिवशी रत्नाला एकटीला जमेना म्हणून मला ओढून नेलं. माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, ते बुडलं. खिडकीतल्या बाबूनं हिंदीत विचारलं, काय होतंय. चुलती पदर सावरून म्हणाली, ‘कळ येतीया.’

बाबूनं तिच्याकडे वर मान करून पाहिलं. ‘कल आती है? तो आज लाइन में क्यों लगी हो?’

रत्ना समजावायला पुढे सरसावली. तिचं हिंदी वाडी ते अंबाला एवढ्या प्रवासात शिकलेलं. ‘जी, कल नहीं, कळ. कळ मतलब वो, जो आती है, फिर जाती है, फिर आती है.’

‘तो जब आएगी तब आना,’ बाबू म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाचा कागद घेतला.

मी शेवटी दोघींना बाजूला करून ‘पेट में रुक-रुक के मरोड़ का दर्द’ म्हणून सांगितलं आणि काम झालं. रत्ना दिवसभर माझ्यावर नाराज होती, कारण मरोड़ म्हणजे मुरडा, आणि मुरडा वेगळा, कळ वेगळी. मी म्हटलं, बाई, तुला शब्द हवाय की कार्ड? ‘दोन्ही,’ ती म्हणाली. चुलतीच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. चुलती वाडीला परत गेल्यावर आप्पांनी फोनवर विचारलं, ऑपरेशनला तू होतीस का? रत्ना म्हणाली, ‘होते की आप्पा. संपेस्तोवर हलले न्हाई.’ हेही खरंच होतं. ती बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. वाडीत त्याचा अर्थ असा झाला की चुलतीचं पोट रत्नानंच फाडलं आणि रत्नानंच शिवलं.

दुसऱ्या वर्षी तिच्या भावाचं लग्न ठरलं. पत्रिका आली. ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिमुकल्यांच्या वर, प्रेषकांच्या रांगेत छापलेलं होतं, डॉ. कु. रत्नप्रभा. ते बघून मात्र माझा तोल सुटला. आता हे छापून आलंय, म्हटलं, आता तरी सांग. उद्या कळलं तर आप्पांना गावात तोंड दाखवायला जागा राहील का?  पत्रिका रत्नानं पेटीत, कपड्यांच्या अगदी तळाशी ठेवली. थोड्या वेळानं तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, ‘लगीन पार पडू दे. मग बघू की.’

‘बघू की’ हे तिचं लाडकं उत्तर. त्या दोन शब्दांवर तिनं तीन वर्षं काढली. लग्नात तिला नवरीच्या आजीची नाडी बघायला लावली. तीही तिनं बघितली आणि आजीला मीठ कमी खायला सांगितलं. आजीचं पथ्य पुढे सगळ्या वाडीनं धरलं म्हणे.

खरं सांगायचं तर मला राग तिच्या नापास होण्याचा येत नव्हता. मीही दुसऱ्यांदा नापास झालेच होते. राग याचा यायचा की तिला हे होणार नाही हे तिच्याखेरीज सगळ्यांना दिसत होतं. मी दुसऱ्या निकालानंतर नाद सोडला आणि वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करायचं ठरवलं. घरात जरा रडारड झाली आणि संपली. माझ्या नावाच्या पत्रिका कुणी छापल्या नव्हत्या, म्हणून मला सोडता आलं. रत्नाला सोडता येईना. परीक्षा तिच्यासाठी आता डॉक्टर होण्यापुरती उरलीच नव्हती. आप्पांना सांगावं लागू नये म्हणून ती पास व्हायला निघाली होती. आणि तशा घाबऱ्या घाईनं सापाचे प्रश्न सुटत नाहीत.

तिसऱ्या मेमध्ये, रस्त्याकडेचे अमलतास, म्हणजे आपले बहावे, पिवळे धमक झाले असताना, ती तिसऱ्यांदा पेपर देऊन आली. निकालही तिसऱ्यांदा तोच लागला. पाठोपाठ बी.एस्सी.चा निकाल आला. त्यात ती चांगल्या मार्कांनी पास. बूथवर जाऊन तिनं घरी कळवलं, ‘आप्पा, डिग्री झाली.’ मी बाहेर उभी होते. मी काचेवर टकटक केलं, खुणेनं म्हटलं, पुढचं बोल. तिनं फोन ठेवून दिला.

आठवड्याभरात आप्पा हजर. सेक्टर सतराच्या स्टँडवर बसमधून उतरले ते इस्त्रीचा शर्ट घालून, मिशा पांढऱ्या झालेल्या पण पाठ ताठ. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीनं बांधलेलं काहीतरी. रिक्षातून घरी येईपर्यंत रत्ना एक अक्षर बोलली नाही. तिला बरं नाही असं वाटून आप्पांनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

घरी येऊन चहा झाला आणि त्यांनी व्हरांड्यात खुर्चीवर बसून सुतळी सोडली. आत पाटी होती. पॉलिश केलेलं सागवान आणि त्यावर पांढरी, छापल्यासारखी अक्षरं. डॉ. रत्नप्रभा सर्जेराव भोइटे. खाली बोटभर जागा मोकळी. खिशातून त्यांनी रंगाची लहान डबी आणि ब्रश काढला. म्हणाले, ‘डिग्रीची अक्षरं तू सांग, तशीच लिवतो. चूक ऱ्हायला नको.’

आई स्वयंपाकघराच्या दारात थबकली. रत्ना पाटीकडे बघत राहिली. आता ती काय बोलली असती मला ठाऊक नाही, कारण त्याच वेळी वरच्या मजल्यावरच्या घरमालकांची नात जसलीन आमची वाटी परत द्यायला खाली आली. दोन वेण्या आणि शाळेचा सलवार-कमीज. आप्पांना मुलं आवडायची. त्यांनी फौजी हिंदीत विचारलं, कौन सी क्लास, बेटा?

‘प्लस वन, अंकल जी,’ ती म्हणाली, म्हणजे अकरावी. ‘मेडिकल.’

आप्पा हसले. पोर चेष्टा करतेय असं त्यांना वाटलं. म्हणाले, इतनी छोटी और मेडिकल? जसलीननं गंभीरपणे सांगितलं की तिचा सगळा क्लासच मेडिकल आहे, आणि बाजूचा नॉन-मेडिकल. वाटी टेबलावर ठेवून ती उड्या मारत जिना चढून गेली.

आप्पांचा ब्रश हातातच राहिला. त्यांनी रत्नाला विचारलं नाही. मला विचारलं, ‘मुग्धा, नॉन-मेडिकल म्हंजी काय गं?’

मी म्हटलं, ज्यांनी गणित घेतलंय ते.

‘आन् मेडिकल?’

मी रत्नाकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता जर ही ‘बघू की’ म्हणाली तर मी हिची पेटी उचलून रस्त्यात टाकीन. पण रत्ना खाली आप्पांच्या पायांशी बसली आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं वाक्य मध्ये तोडलं नाही.

‘मेडिकल म्हंजी बायोलॉजीवाल्या, आप्पा. शाळंतल्या पोरीबी. मीबी तसलीच. बी.एस्सी. झालीय माझी. डॉक्टरकीची परीक्षा तीनदा दिली, तिन्ही येळंला गेली. पयल्या दिशी सांगायचं हुतं, तर तुम्ही रडाय लागला.’

 मग आप्पांनी विचारलं, ‘चुलतीचं ऑपरेशन?’

‘मी भाईर बाकड्यावर बसले हुते.’

‘आन् नाडी बघतीस ती?’

‘ती येती मला,’ रत्ना म्हणाली. ‘ती खरंच येती, आप्पा.’

त्यांनी मान हलवली. ब्रश रंगात न बुडवताच डबीवर आडवा ठेवला आणि विचारलं, मग आता पुढे काय? तेव्हा रत्नानं सांगितलं की त्याच मोठ्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या कोर्सला तिचा नंबर लागलाय. त्या कोर्सची परीक्षाही तिनं मेमध्येच दिली होती. हे मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होते. तीन वर्षं एका खोलीत झोपलो आम्ही, माझा स्वेटर हिच्या अंगावर, आणि मला हे जसलीन वाटी द्यायला आल्यामुळे कळावं. मला असा संताप आला की मी उठून आत गेले आणि पुन्हा बाहेर आले, कारण आत जाऊन करण्यासारखं काही नव्हतं.

आप्पांनी आईकडे दाढीचं पातं मागितलं. पाटी मांडीवर आडवी घेतली आणि अंगठ्यानं धार अजमावून ते ‘डॉ.’ खरवडायला बसले. घाई नाही, रागाचा एक ओरखडा नाही. टिंबसुद्धा तसंच, कडेकडेनं. पांढरी भुकटी धोतरावर पडत होती. रत्ना ती बोटानं टिपत होती आणि रडत मुळीच नव्हती. जागा साफ झाल्यावर त्यांनी पाटीवर फुंकर मारली, पाटी लांब धरून पाहिली आणि विचारलं, ‘हितं काय लिवू? सिस्टर?’

‘नगं,’ रत्ना म्हणाली. ‘ऱ्हाऊ द्या मोकळं.’

‘का?’

‘आजून एकदा बसनार हाय मी. परीक्षेला.’

मी कपाळावर हात मारून घेतला. आई आत निघून गेली. आप्पा मात्र लेकीकडे बघत राहिले आणि मिशीत थोडंसं हसले. पाटी पुन्हा कागदात गुंडाळताना एवढंच म्हणाले, ‘वाडीत तू काय बोलायचं न्हाई. बातमी मी फोडली, मीच मागं घेनार.’

ती पाटी आज रत्नाच्या हॉस्पिटलातल्या क्वार्टरच्या दारावर आहे. नाव उजवीकडे सरकलेलं, डावीकडे थोडी जागा मोकळी. नव्यानं येणाऱ्याला वाटतं, रंगवणाऱ्याचा अंदाज चुकला. परीक्षेला ती पुन्हा बसली का? बसली, नर्सिंग करता करता, आणि एकदाच नाही. आता वय उलटून गेलंय, तरी वयाची अट काढणार आहेत अशी बातमी कुठे वाचली की मला फोन करते. मी फोन आदळते. दुसऱ्या दिवशी आईच्या गोळ्या बदलल्या का ते विचारायला ती पुन्हा फोन करते आणि मला तो घ्यावा लागतो.

पण रत्ना म्हटलं की मला दिसते ती ही नव्हे, त्या उन्हाळ्यातली. आप्पा परत गेले त्यानंतर ती बूथच्या बाजूलाही फिरकेना. आप्पा पोचले का हे विचारायला हवं, हे तिला कळत होतं. पण फोन उचलणार बबनशेठ. भाजी आणायलासुद्धा ती लांबून वळसा घालून जायची. शेवटी बाबांनी तगादा लावला तेव्हा मी तिला दंडाला धरून नेलं. संध्याकाळ होती, मार्केट भरलेलं. नेहमीप्रमाणे दार सताड उघडं. मी नंबर फिरवून रिसीव्हर तिच्या हातात दिला आणि बाहेर उभी राहिले.

बबनशेठचा आवाजही काही कमी नव्हता. मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं.

‘बोला, सिस्टर.’

म्हणजे आप्पांनी सांगितलं होतं. दुकानात उभं राहून, गूळ-तेल न्यायला आलेल्या सगळ्यांच्या देखत, जिथे गूळ वाटला होता तिथेच सांगितलं होतं.  तिकडून पुन्हा आवाज आला, ‘आप्पांना बोलवू का, सिस्टर?’

‘बोलवा,’ ती म्हणाली.

मग ती वळली. तिचा चेहरा भिजून गेला होता आणि नाक अंगावरच्या माझ्याच ओढणीला पुसत होती. आप्पा यायला अजून वेळ होता. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हातानं खूण केली, दार लावून घे. तीन वर्षांत तिनं ते दार एकदाही लावू दिलं नव्हतं. मी ओढून घेतलं, आणि ते बसत नव्हतं म्हणून तिचं बोलणं संपेपर्यंत पाठ टेकून बाहेर उभी राहिले.